मातीखालच्या रहिवाशांची दखल

वाघ आणि गवा यांच्या रक्षणाची चर्चा गोव्यात नित्य होते, व ती व्हावयासच हवी. परंतु त्याच सत्तरीच्या मातीखाली असा एक प्राणी राहतो, की ज्याच्यासाठी ना फलक लागतात, ना मोर्चे निघतात. तो म्हणजे देवगांडूळ.

दिसावयास गांडूळ, चालीने साप. परंतु शास्त्राच्या दृष्टीने तो बेडकाचा भाऊबंद, म्हणजे उभयचर होय. त्याला पाय नाहीत, अंगावर वलये आहेत आणि दृष्टी जवळजवळ नाहीच. डोळा व नाकपुडी यांच्यामधील सूक्ष्म स्पर्शिकेच्या आधारे तो काळोखात भक्ष्य हुडकतो. गांडुळे व वाळवी हा त्याचा आहार. काही जातींची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांची राखण करते. माणसाला त्याच्यापासून काडीचाही अपाय नाही.

या प्राण्याच्या नोंदीत आपल्या सह्याद्रीचा वाटा मोठा आहे. 1960 साली खंडाळ्याची, 2003 साली आंबोलीची, 2004 साली बोंडल्याची आणि 2007 साली सत्तरीतील केरीची अशा नव्या जाती शास्त्राला ज्ञात झाल्या. चोर्ल्याच्या परिसरातील एका जातीचे वर्णन 2007 साली प्रसिद्ध झाले. ज्या घाटातून आपण रोज बेळगावला ये-जा करतो, तेथेच हे घडले!

दुर्दैव असे की, ओळख पटण्यापूर्वीच त्याचा घास घेतला जात आहे. कुळागरात कुदळीखाली आलेले देवगांडूळ सापाचे पिल्लू समजून ठेचले जाते. रस्त्यासाठी डोंगर कापला जातो, तेव्हा त्याची ओलसर मातीच नाहीशी होते. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले. अशा आगीत जळणारा पाचोळा हेच या मातीचे छत्र आहे. पक्षी उडून जातो, गवा पळून जातो. देवगांडुळाने जावे कोठे?

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. वनखात्याने उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा राखाव्यात. प्रकल्पांच्या पर्यावरणीय अहवालात मातीखालच्या जीवसृष्टीची पावसाळी पाहणी सक्तीची व्हावी, कारण हा प्राणी दृष्टीस पडतो तो मुख्यत्वे पावसाळ्यातच. जैवविविधता कायदा 2002 साली झाला. त्यानुसार करावयाच्या पंचायतींच्या नोंदवह्यांत देवगांडुळाला स्थान मिळावे. शाळांतून त्याची ओळख करून द्यावी, म्हणजे शेतातली उगारलेली कुदळ क्षणभर तरी थांबेल. जे डोळ्यांना दिसते तेवढेच रान मोलाचे, हा समज आता सोडावयास हवा.