गाडीलाही थंडी वाजते!

आमच्या निफाडची थंडी तुम्ही ऐकून असालच. पारा पाच-सहा अंशांवर आला, की द्राक्षबागा वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. अशा थंडीत सकाळी साडेसहाला मी मोटरसायकल काढते. यजमानांची नोकरी पुण्याला, माझी शाळा नऊ किलोमीटरवर आणि त्या वेळेला एसटी नाही. मग काय, शिकले!

मागच्या डिसेंबरात एकदा लेकीला मागे बसवलं, क्लच घट्ट दाबला, पहिला गिअर टाकला आणि गाडीनं धाडकन उडी मारली. लेक खाली! गुडघ्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुपारी गॅरेजात नेली, तर गाडी गाईसारखी गरीब. फिटर हसून म्हणाला, ‘‘मॅडम, गाडी ओके आहे. तुमचा हात बसला नाही अजून.’’ सासूबाईंनाही विषय मिळाला. चार वर्षं चालवतेय मी! तरी मनात आलंच, खरंच माझंच चुकत असेल का? लेकीला शेजाऱ्यांबरोबर पाठवू लागले.

मग सुचलं, डॉक्टर नाही का विचारत, ताप कधी येतो, कधी उतरतो? आठ दिवस वहीत टिपून ठेवलं. उडी फक्त सकाळी, पहिल्याच गिअरला. थंडी जास्त, तर उडी मोठी. पाच मिनिटं चालवल्यावर काही नाही. दुपारी तर नाहीच.

वही घेऊन एका जुन्या मेस्त्रींकडे गेले. त्यांनी ती नीट वाचली आणि म्हणाले, ‘‘ताई, रात्रभर गाडी इथंच ठेवा.’’ सकाळी त्यांनी स्वतः गिअर टाकला. गाडीनं त्यांनाही उडी मारून दाखवली! मला मेलीला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मग त्यांनी समजावलं. आमच्या गाडीच्या क्लच प्लेटा ऑईलमध्ये बुडालेल्या असतात. थंडीत ऑईल दाट होतं आणि ओल्या ताटल्या एकमेकींना चिकटाव्यात तशा प्लेटा चिकटतात. लिव्हर दाबला तरी लगेच सुटत नाहीत. इंजिन तापलं, की ऑईल पातळ, प्लेटा मोकळ्या. म्हणून दुपारी दोष दिसेना. प्लेटा झिजल्या असत्या तर उलटं झालं असतं. इंजिन नुसतं ओरडलं असतं, गाडी ओढलीच नसती.

माझ्या गाडीत दोन चुका निघाल्या. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० ऑईल लिहिलेलं, आत भलतंच दाट घातलेलं. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं. शिवाय क्लच वायर ढिली. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर ढिलाई हवी, माझी तीसच्या वर होती. त्यामुळे प्लेटा पुरत्या सुटतच नव्हत्या. ऑईल बदललं, वायर ताणून घेतली, संपलं. नव्या प्लेटांचा खर्च वाचला.

मैत्रिणींनो, थंडीत एवढं करा. इंजिन बंद असताना गाडी गिअरमध्ये टाका, क्लच दाबा आणि मागेपुढे हलवा. आधी जड लागेल, मग एकदम हलकी होईल. प्लेटा सुटल्या! मग न्यूट्रलमध्ये सुरू करून मिनिटभर थांबा. मागे कुणाला बसवायचं ते त्यानंतरच. आणि गाडी तापल्यावरही उडी मारत असेल, तर मात्र क्लच उघडून बघायलाच हवा.

परवा निघताना ओट्यावरून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘गाडी हलवून घेतलीस का गं?’’

लेक मागे बसायची थांबली होती. मी गाडी हलवली, मगच ती बसली.