दोन मिनिटांसाठीची तालीम

विज्ञान संमेलन असो, विज्ञानकथांचे वाचन असो की आकाशदर्शन, कार्यक्रम वक्त्यामुळे क्वचितच फसतो. माईक शिट्टी मारतो, लॅपटॉप प्रोजेक्टरशी जुळत नाही, दुर्बिणीपाशी ऐनवेळी कोणीच नसते. ही तांत्रिक बाजू कशी सांभाळावी, याचा धडा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गाने सव्वाशे वर्षांपूर्वीच दिला आहे.

२२ जानेवारी १८९८ रोजी तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्यासाठी ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला मुक्कामाला होते. (हेलियमची खूण पटवणारी पिवळी रेषा १८६८ ची, तेव्हा लॉकियर इंग्लंडात होते.) १८९६ मध्ये नॉर्वेत त्यांची अशीच सारी तयारी ढगांनी वाया घालवली होती. इथे खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. चूक झाली, तर पुन्हा संधी नाही.

शास्त्रज्ञ मोजकेच होते, म्हणून ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी मदतीला घेतले गेले. खगोलशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता. पण ठरलेले काम ठरलेल्या क्षणी करणे हा त्यांचा रोजचा सराव होता. लोलकाचे कॅमेरे, प्रभामंडलाची रेखाटने, वेळ मोजणे अशी कामे वाटून तालमी झाल्या. पुढे अहवालावर लॉकियर यांच्यासोबत नौकेचे कप्तान चिझम-बॅटन यांचेही नाव आले.

आजच्या आयोजकांनी यातून तीन गोष्टी घ्याव्यात. एका यंत्राला एकच जबाबदार माणूस, आणि त्याला एक बदली. आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वायरी जोडून पूर्ण तालीम. आणि प्रत्येक यंत्र बंद पडले तर काय करायचे, याचे उत्तर आधीच तयार.

किनाऱ्यावर आणखी एक काळजी हवी. खाऱ्या, दमट हवेने प्लगच्या पिना गंजतात. एसी खोलीतून थेट बाहेर आणलेल्या भिंगावर दव धरते. म्हणून उपकरणे पेटीतच ठेवून थोडा वेळ बाहेरच्या हवेत राहू द्यावीत, मगच पेटी उघडावी.

सूर्य दाखवायचा असेल, तर दुर्बिणीपाशी जाणकार माणूस सतत हवाच. प्रमाणित सौरफिल्टर पुढच्या भिंगावर घट्ट बसवलेला असावा. डोळ्यापाशी लावलेला फिल्टर उष्णतेने तडकू शकतो. शोधक दुर्बीणही झाकावी. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे इजा होत असताना कळतही नाही. ग्रहणचष्मा लावूनही दुर्बिणीतून पाहू नये.

२ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. तेव्हा पावसाळा असेल. ढग आपल्या हातात नाहीत. तालीम मात्र आहे.