सूर लागत नाही, हे सांगायचे कोणी?

महाविद्यालयातला बँड असो, सोसायटीच्या गणेशोत्सवापुरता जमलेला वाद्यवृंद असो किंवा निवृत्त मंडळींचा शनिवारचा कराओके मेळावा असो, अशा बहुतेक गटांत एक गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि ती ज्याच्याविषयी असते, नेमकी त्यालाच ठाऊक नसते. त्याचा सूर लागत नाही. तबलजी खाली मान घालून ठेका धरतो, कीबोर्डवाला हळूच आपला आवाज वाढवतो आणि गाणे संपले की ‘वा, छान झाले’ असे म्हणून सगळे चहाकडे वळतात. तालमीत हे खपून जाते. पण कार्यक्रमाची तारीख ठरली, सभागृहाचे भाडे भरले, निमंत्रणे गेली की कुजबूज सुरू होते. ती त्या गायकाच्या कानावर जाते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, आणि सांगणारा भलताच कोणीतरी असतो.

स्पष्ट बोलण्यातली अडचण केवळ भिडेची नसते. बेसूर गाणारा सदस्य पुष्कळदा गटाचा संस्थापकच असतो. तालीम त्याच्या दिवाणखान्यात होते, स्पीकर आणि मिक्सर त्याच्या मालकीचे असतात. कराओके गटांत तर ज्याने वर्गणी भरली त्याचे गाणे, असा सरळ व्यवहार असतो. त्यातच वयाचे आणि नात्याचे पदर मिसळतात. पंचविशीतल्या गिटारवाल्याने साठीच्या काकांना ‘तुम्ही बेसूर गाता’ असे सुनवावे, हे आपल्याकडे शिष्टाचारात बसत नाही. ते बसू नये हेही एका परीने बरेच आहे, कारण ‘बेसूर’ हा शब्द निदान नाही, निकाल आहे. त्यातून ऐकणाऱ्याला करण्यासारखे काहीच हाती लागत नाही.

मौनाची किंमत मात्र मोठी असू शकते. अमेरिकेतील फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स या धनाढ्य बाईंचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांना ऑपेरा गाण्याचा विलक्षण षोक होता आणि स्वरज्ञान जवळजवळ नव्हते. वर्षानुवर्षे त्या निवडक निमंत्रितांसमोर गात राहिल्या, टीकाकारांना दूर ठेवण्यात आले आणि टाळ्यांना तोटा पडला नाही. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिकीट लावून गायल्या. सभागृह भरले होते, पण या वेळी समीक्षकही होते. वृत्तपत्रांनी त्यांची रेवडी उडवली. २६ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. टीकेनेच त्यांचा बळी घेतला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र इतकी वर्षे प्रेमापोटी गप्प राहिलेल्या माणसांनी ते सांगण्याचे काम अखेर परक्यांवर टाकले, हे खरे.

दोष गळ्याचा की पट्टीचा?

सांगण्याआधी, नेमके काय चुकते आहे हे गटाने समजून घेतले पाहिजे. ‘त्याला सुराचा कानच नाही’ असे सर्रास म्हटले जाते, पण जन्मतःच स्वरांतील फरक न उमगणारी माणसे फार थोडी असतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने हे प्रमाण सुमारे दीड टक्का काढले. मॉन्ट्रियलच्या शॉन हचिन्स आणि इझाबेल पेरेझ यांनी २०१२ मध्ये मांडलेले प्रयोग याहून बोलके आहेत. त्यांत भाग घेणाऱ्यांना एक स्वर ऐकवून तो आधी एका सरकत्या पट्टीच्या साधनावर जुळवायला सांगितला आणि मग गळ्याने. साधनावर बहुतेकांनी तो अचूक जुळवला, गळ्याने मात्र अनेकांचा चुकला. म्हणजे कान ठीक होता, गळ्यावरचा ताबा कमी होता. आणि हा ताबा रियाजाने वाढतो. तानपुऱ्याबरोबर षड्ज लावून ठेवण्याची आपली जुनी शिस्त नेमके हेच काम करते.

दुसरे, आणि हौशी गटांत सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे चुकीची पट्टी. सर्वसाधारण पुरुषाचा आवाज काळी एक ते काळी दोनच्या आसपास सुखाने फिरतो, स्त्रियांचा काळी चार-पाचच्या आसपास. पण कराओकेचा ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत बांधलेला असतो. मोहम्मद रफींच्या कित्येक गाण्यांचा अंतरा तार सप्तकात असा वर जातो, की तिथे पोहोचता पोहोचता सामान्य गळा आवळतो, श्वास अपुरा पडतो आणि स्वर किंचित खाली राहतो. ऐकणाऱ्याला तो कणसूर वाटतो आणि गाणाऱ्याला वाटते, आपण जीव ओतला. युगुलगीतांत तर दोघांपैकी एकाची ओढाताण ठरलेलीच. लय न बदलता ट्रॅकची पट्टी खाली घेण्याची सोय आता साध्या सॉफ्टवेअरमध्येही असते. तरीही ‘ओरिजिनल स्केल’मध्येच गायचे, हा हट्ट का धरला जातो, हे एक कोडेच आहे. मोठमोठे गायक स्वतःच्या मैफलीत पट्टी उतरवतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

तिसरे कारण मंचावरचे. ड्रम आणि गिटारच्या गदारोळात गायकाला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्येच नोंदवले होते. चढवलेला आवाज ताणला जातो आणि ताणलेला आवाज सुरावरून घसरतो. अशा वेळी गायकाकडे तोंड केलेला एक मॉनिटर स्पीकर जे काम करतो, ते दहा सल्ले करीत नाहीत.

गायकाला हे स्वतःला का कळत नाही, याचेही उत्तर आहे. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही. त्यामुळे तो आपल्याला अधिक भरदार वाटतो. ध्वनिमुद्रणात पहिल्यांदा आपला आवाज ऐकणारा प्रत्येक जण दचकतो तो याचसाठी. त्यात भर ‘इको’ची. मेळाव्यांत ‘जरा इको वाढवा’ ही मागणी हमखास ऐकू येते, कारण त्या प्रतिध्वनीच्या पडद्याआड सुराच्या कडा पुसट होतात. इको हा हौशी गायकाचा सर्वांत गोड बोलणारा आणि सर्वांत कमी उपयोगाचा मित्र होय.

बोलावे कोणी, केव्हा, कसे

एवढे तपासूनही दोष उरला, तर मात्र बोलावे लागते. बोलणारा एकच असावा आणि तो त्या सदस्याचा सर्वांत जवळचा असावा. चौघांनी मिळून समजावणे म्हणजे पंचायत बसवणे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात तर हा विषय चुकूनही निघू नये, कारण तिथे लिहिलेले पुसले तरी वाचलेले पुसता येत नाही. वेळ तालमीनंतरची नको, कार्यक्रमाच्या आदल्या दिवसाची मुळीच नको. गाणी ठरण्यापूर्वीची वेळ उत्तम, कारण तेव्हा कोणाकडून काही काढून घ्यावे लागत नाही.

पुरावा ध्वनिमुद्रणाचा असावा, पण तो सर्वांचा. तालमीतील प्रत्येकाचे गाणे इको न लावता मुद्रित करून सगळ्यांना ऐकवण्याची पद्धत गटाने आधीपासूनच पाडली, तर कोणा एकाकडे बोट दाखवावे लागत नाही. पुष्कळ जण आपले मुद्रण ऐकून स्वतःच म्हणतात, ‘हे जरा गडबडलेय.’ तिथे अर्धे काम झालेले असते.

शब्द ठरावीक जागेविषयी असावेत, माणसाविषयी नव्हे. ‘दादा, मुखडा छान बसतो, पण अंतऱ्यात वरच्या पंचमाला आवाज उतरतो. काळी दोनऐवजी पांढरी एकला घेऊन बघू या का?’ या वाक्यात दोष आहे, त्याचे ठिकाण आहे आणि उपायही आहे. वयाने मोठ्या व्यक्तीशी ‘तुम्हाला जमत नाही’पेक्षा ‘हे गाणे तुमच्या आवाजाला न्याय देत नाही’ असे बोलणे केवळ गुळगुळीत नव्हे, पुष्कळदा अधिक खरेही असते. मात्र गोडवा इतका नको की निरोपच पोहोचू नये. ‘तसे ठीक आहे, पण बघा जमले तर’ असे ऐकलेला माणूस पुढच्या तालमीला तेच गाणे घेऊन हजर होतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते. थट्टेच्या सुरात सांगणे सर्वांत वाईट. समोरचा हसतो, आणि विसरत मात्र नाही.

गाणे काढून घेताना माणूस गटात राहील अशी जागाही हवी. बीटल्सचे उदाहरण इथे उपयोगाचे आहे. ढोलवादक रिंगो स्टार यांच्या आवाजाचा पल्ला लहान होता. सहकाऱ्यांनी त्यांना गप्प बसवले नाही, त्यांच्यापुरती गाणी बांधली. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’मधील त्यांचे गाणे जवळपास पूर्णच पाच स्वरांच्या टापूत फिरते, शेवटचा उंच स्वर तेवढा अपवाद, आणि तो लावायला ते कचरत होते. आपल्या रंगभूमीवरही संगीत नाटकांच्या ऐन भरात गद्य नटांचा मान वेगळा होता. आगरकरांनी भाषांतरित केलेला हॅम्लेट गाजवणाऱ्या गणपतराव जोशींना लोक गाण्यासाठी पाहायला जात नव्हते. वाद्यवृंदाला निवेदक, ध्वनियोजना पाहणारा, गाण्यांचा क्रम लावणारा लागतोच. पण ही कामे समजूत काढण्यासाठी पुढे केली तर ती लगेच ओळखू येतात. ज्याला निवेदन खरोखर जमते, त्यालाच ते द्यावे.

एक भेद मात्र विसरता कामा नये. भजनी मंडळात किंवा घरगुती बैठकीत सुराची चाळण लावण्याचे कारण नाही. तिथे गाणे हे एकत्र येण्याचे निमित्त असते आणि कणसूर आवाजही समूहात मिसळून जातो. तिकीट लावलेल्या कार्यक्रमात श्रोत्याने पैसे मोजलेले असतात, आणि तिथे त्याचा हक्क मोठा. आपला गट यांपैकी कोणता, हे न ठरवल्यामुळेच बहुतेक भांडणे होतात. ते एकदा बसून ठरवले की कोणी काय गावे, याचा निम्मा वाद मिटतो.

तरीही एखादा ऐकत नाही. त्याला विचार करायला दोन-तीन आठवडे द्यावेत, तोवर गाण्यांची यादी जाहीर करू नये. निर्णय गटाच्या बाजूने झाला तर त्याची वर्गणी न मागता परत करावी. आणि स्पीकर त्याच्याच मालकीचा असेल, तर भाड्याने कुठे मिळतो याची चौकशी बोलण्यापूर्वीच करून ठेवावी.