भाकरी सोडली आणि धाव मंदावली

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे संपादक मंडळातील मित्रांनी सांगितले तेव्हा मी संकोचाने म्हणालो, की मी बँकेतला साधा कारकून, पदवी कला शाखेची. आहार-आरोग्यावर लिहिण्याचा माझा अधिकार तो काय? परंतु गेल्या हिवाळ्यात घरात एक प्रसंग घडला आणि त्या निमित्ताने बरेच वाचावे लागले. आपल्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ते येथे मांडतो.

माझा भाचा याच भरतीच्या तयारीत आहे. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि गुण सेकंदांवर मिळतात. भाचा सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढत होता. मैदानावर कुणीतरी त्याला सांगितले, की भाकरी, चपाती, भात बंद कर; चरबी जळेल, अंग हलके होईल, वेळ आपोआप उतरेल. त्याने लगेच ते अमलात आणले. अंडी, पनीर, चिकन, काकडी. डाळ-उसळसुद्धा सोडली. पहिल्या आठवड्यात वजन दोन किलोने उतरले आणि स्वारी खूश. तिसऱ्या आठवड्यात मात्र चौथ्या फेरीला पाय दगडासारखे होऊ लागले व वेळ पावणेसहा मिनिटांवर गेली. बहिणीचा फोन आला, "दादा, पोरगं भाकरीला हात लावत नाही. दिवसभर चिडचिड करतं. तूच सांग बाबा काहीतरी." मी सांगायला गेलो तर भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या वेळचं आता काही राहिलं नाही." त्याला पटेल असे बोलायचे तर आधी स्वतः वाचणे भाग होते.

भाकरी, भात, बटाटा, गूळ यांतून मिळणाऱ्या कर्बोदकांची शरीरात साखर होते आणि तिचा साठा ग्लायकोजेन या रूपाने स्नायूंत व यकृतात राहतो. हा साठा लहान असतो. प्रौढ माणसात सुमारे ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. उलट चरबीचा साठा प्रचंड. साठ किलोच्या सडपातळ तरुणाच्या अंगावरही सात-आठ किलो चरबी असते व तिच्यात साठ हजारांहून अधिक कॅलरी असतात. आमच्या भाषेत सांगायचे तर ग्लायकोजेन म्हणजे चालू खात्यातली शिल्लक आणि चरबी म्हणजे मुदत ठेव. मग कुणालाही वाटेल, की एवढी मोठी ठेव असताना चालू खात्याची काळजी कशाला?

याचे उत्तर शास्त्रज्ञांनी फार पूर्वी शोधले. १९३९ साली डेन्मार्कमध्ये क्रिस्टेन्सन व हॅन्सन यांनी दाखवून दिले, की कर्बोदकांचा भरपूर आहार घेतलेला माणूस दमेपर्यंत जितका वेळ काम करू शकतो, त्याच्या निम्माही वेळ तो चरबीयुक्त आहारावर टिकत नाही. पुढे स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम व हल्टमन या दोघांनी १९६६ साली स्वतःवरच एक मजेदार प्रयोग केला. एकाच सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारून तो पाय पार थकवला. नंतर तीन दिवस कर्बोदकयुक्त आहार घेतला. सुईने स्नायूचे नमुने काढून पाहिले तर थकवलेल्या पायात ग्लायकोजेनचा साठा दुसऱ्या पायाच्या दुपटीएवढा झाला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह आणखी एक प्रयोग केला. जोरात सायकल चालवताना कर्बोदके वगळलेल्या आहारावर माणसे सुमारे एक तास टिकली, नेहमीच्या मिश्र आहारावर दोन तासांच्या आसपास आणि भरपूर कर्बोदकांवर पावणेतीन तास.

भाच्याने येथे मला बरोबर अडवले. "मामा, माझी धाव पाच-साडेपाच मिनिटांची. दोन तासांचा साठा मला कशाला हवा?"

प्रश्न रास्त होता आणि त्यातच सगळे मर्म आहे. साठा किती, यापेक्षा तो किती वेगाने हातात पडतो याला येथे महत्त्व असते. मुदत ठेव मोठी असली तरी गिऱ्हाईक काउंटरवर उभे असते तेव्हा रोकडच लागते. चरबीतून ऊर्जा सावकाश निघते आणि तिला प्राणवायू जास्त लागतो. एक लिटर प्राणवायू खर्चून कर्बोदकांतून सुमारे ५ कॅलरी मिळतात, चरबीतून सुमारे ४.७. फरक किरकोळ वाटेल. परंतु सोळाशे मीटरच्या शेवटच्या फेरीत छाती भरून आलेली असते, प्राणवायूच अपुरा पडत असतो, तेव्हा तोच फरक सेकंदांत दिसतो. शिवाय शेवटच्या दोनशे मीटरला जी उसळी मारायची, तेव्हा काही ऊर्जा प्राणवायूवाचून निर्माण करावी लागते. ते काम साखर करू शकते, चरबी नाही. आणि रोजच्या सरावाचे काय? चारशे-चारशे मीटरच्या वेगवान फेऱ्या रिकाम्या स्नायूंनी होत नाहीत. सराव मंदावला की चाचणीही मंदावते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८३ साली अमेरिकेत फिनी यांनी पाच कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे अगदी नगण्य कर्बोदकांवर ठेवले. मध्यम वेगाने सायकल चालवण्याची त्यांची सरासरी मुदत जवळपास तेवढीच राहिली. म्हणजे शरीर चरबीवर चालायला शिकते हे खरे. पण गट पाचच जणांचा, आणि वेग मध्यम! वेगाची कसोटी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात लागली. लुईस बर्क व सहकाऱ्यांनी जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंना तीन आठवडे सारखाच कडक सराव दिला. भरपूर कर्बोदके खाणाऱ्या दोन्ही गटांची दहा किलोमीटरची वेळ पाच ते सात टक्क्यांनी सुधारली. दिवसाला पन्नास ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेणाऱ्यांची सुधारली नाही. त्यांचे शरीर चरबी जोरात जाळत होते, परंतु त्याच वेगासाठी प्राणवायू जास्त मागत होते. २०२० साली हा प्रयोग पुन्हा केला, निष्कर्ष तोच आला.

पन्नास ग्रॅम म्हणजे किती? शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे सत्तर ग्रॅम कर्बोदके असतात. एका जाड भाकरीतच दिवसाचा हिशेब संपला! डाळही मग मोजूनच खावी लागते. उरतात अंडी, पनीर, चिकन. बहिणीच्या घरी त्या तीन आठवड्यांत किराणा-बाजाराचा खर्च किती वाढला हे मी येथे लिहीत नाही. भरतीच्या अर्जाचे पैसे जिथे जुळवावे लागतात, तिथे हा आहार परवडणारा नाही एवढेच सांगतो.

वडीलधाऱ्या सभासदांसाठी दोन शब्द. सावकाश फिरायला जाणाऱ्याचे शरीर बरेचसे चरबीवरच चालते, त्यामुळे कर्बोदके कमी केल्याने त्यांच्या फिरण्यात फारसा फरक पडणार नाही. सुरुवातीचे आठ-दहा दिवस अंगातले पाणी व मीठ उतरल्याने गळल्यासारखे वाटते इतकेच. वजन व रक्तातील साखर उतरवायला काहींना या आहाराचा फायदाही होतो. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता भाकरी सोडू नये. साखर एकाएकी खाली जाऊ शकते. मुलींना धावताना फार धाप लागत असेल तर खाण्यावर कात्री चालवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

भाच्याला मी एवढेच म्हटले, की दोन आठवडे माझे ऐक, नंतर तुझ्या मनासारखे कर. रात्री दोन भाकऱ्या व उसळ, पहाटे मैदानावर जाण्याआधी एक केळे, आल्यावर अंडी खायची ती पोहे किंवा चपातीबरोबर. अंडी बंद करायला मी सांगितले नाही. स्नायूंना प्रथिने लागतातच. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वेळ पुन्हा साडेपाचच्या आत आली. पण वजनकाट्यावर दीड किलो वाढलेले पाहून स्वारी नाराज. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, आधी उतरले ते बहुतेक तेच होते आणि आता परत आले तेही तेच, हे कागदावर मांडून दाखवण्यात माझी आणखी एक संध्याकाळ गेली.