गाडीचं ऑइल जातं कुठं?



कांद्याचा हंगाम आला म्हणजे आपल्या पारनेर भागातल्या पिकअप आणि जीपगाड्यांना उसंत नसते. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा आणि पुढं माळशेज घाट उतरून थेट वाशीचा बाजार. अशा वेळी पट्टी काढून पाहावी, तर ऑइल दर आठवड्याला खाली! गाडीखाली डाग नाही, धूरही दिसत नाही. मग कोणी म्हणतं, "इंजिन खोलावं लागेल." पण थांबा. खोलण्याचा खर्च मोठा, आणि दोष कधीकधी एखाद्या सीलचा किंवा नळीचा निघतो. ऑइल जायला वाटा तीनच: बाहेर गळतं, आत जळतं, नाहीतर पाण्यात मिसळतं. या वाटा एकेक करून तपासा.

आधी मोजमाप

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. पट्टी पुसून पुन्हा बुडवा आणि मग वाचा. उतारावर घेतलेलं माप फसवं असतं. किती किलोमीटरला किती ऑइल घातलं, ते वहीत लिहा. थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातंच. खाणं वाढत चाललं तर मात्र दोष समजावा.

बाहेर गळतं का?

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. तो सकाळी कोरडा निघाला तरी निर्धास्त होऊ नका. काही गळती इंजिन चालू असतानाच होते. इंजिन पुसून स्वच्छ करा, पंधरा-वीस किलोमीटर फिरवा आणि बॅटरीच्या उजेडात पाहा. ऑइल खाली ओघळतं, वाऱ्यानं मागं पसरतं. म्हणून सर्वांत वरची ओली जागा शोधा. दोष तिथं असतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टर, ऑइल स्विच, ड्रेन प्लगचा वायसर आणि इंजिन-गिअरबॉक्सचा सांधा पाहा. बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागं ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप असतो. त्याचं सील गेलं तर ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं. ही गळती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

ब्रीदरची नळीही पाहा. ती धुळीनं तुंबली की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं. नळी साफ करायला खर्च जवळजवळ नाहीच.

आत जळतं का?

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर बहुधा जादा डिझेलचा. सकाळी सुरू करताच निळा भपका येऊन थांबला, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्या. पेट्रोल गाडीनं घाट उतरून पुन्हा अॅक्सिलेटर दाबताच भपका आला, तरी तेच. चढावर भार ओढताना सतत धूर असेल तर पिस्टन रिंगा झिजल्या असाव्यात. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोची नळी काढून पाहा. आत ऑइलचं थारोळं असेल तर टर्बो तपासून घ्या. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारं भांडं असतं. त्यामुळे ऑइल जळूनही धूर दिसेलच असं नाही.

रिंगा लवकर का झिजतात? आपल्याकडची उन्हाळी धूळ! एअर फिल्टरची नळी फाटली असेल तर धूळ सरळ इंजिनात जाते. रिंगा बदलण्याआधी ती नळी बदला, नाहीतर नव्या रिंगाही तशाच जातील.

पाण्यात जातं का?

इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना मुळीच नको, वाफेनं भाजेल. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, किंवा पट्टीवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं, तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर फुटलेला असू शकतो. अशी गाडी चालवू नका, ओढून न्या.

लक्षात ठेवा

ऑइलचा लाल दिवा दाब दाखवतो, पातळी नव्हे. तो पेटला की गाडी ताबडतोब बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "गावापर्यंत जाऊ" म्हटलं की इंजिन जाम होतं, आणि भरलेला माल घाटातच अडकतो. काढलेलं जुनं ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवून गॅरेजवर द्या.

मिस्त्रीकडे जाताना ती वही बरोबर न्या. काय पाहिलं, केव्हा पाहिलं, हे सांगितलंत तर निम्मा दोष तिथंच सापडेल.