बालवाडी आणि अक्षरांची घाई

बालवाडी म्हणजे इयत्ता पहिलीची आगाऊ तयारी असून तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाकडून मुळाक्षरे, एबीसीडी आणि शंभरपर्यंतचे आकडे गिरवून घेणे हेच तिचे मूळ प्रयोजन होय, हा समज महाराष्ट्रात इतका घट्ट रुजला आहे की, ज्या शाळेतून मूल वही भरून आणत नाही तिथे ‘काहीच शिकवत नाहीत’ असे पालक बिनदिक्कत सांगतात. त्याहून खेदाची बाब अशी की, या सक्तीला अनेकदा फ्रोबेल आणि माँटेसरी यांच्या नावांचे छत्र दिले जाते. त्यांनी प्रत्यक्षात काय केले, हे पाहण्याची तसदी मात्र फार थोडे लोक घेतात.

फ्रीडरिश फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी केंद्र काढले आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिले. तेथील शिक्षणाचा गाभा खेळ, गाणी, बागकाम आणि ‘देणग्या’ म्हणजे क्रमवार दिली जाणारी खेळसाधने हा होता. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची, तर तिसरी आठ छोट्या घनांत सुटणाऱ्या लाकडी ठोकळ्याची. मूल तो ठोकळा सुटा करून पुन्हा जोडते, तेव्हा भाग आणि पूर्ण यांचे नाते, म्हणजे गणिताचा पायाच, अंक लिहिण्यापूर्वी त्याच्या हाताला कळतो. याला ‘नुसता खेळ’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, प्रशियाच्या सरकारला हा खेळ इतका धोकादायक वाटला की, निरीश्वरवाद आणि समाजवाद यांच्या संशयावरून त्याने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली आणि ती १८६० पर्यंत उठली नाही.

माँटेसरी यांच्या बालगृहात तर चार-पाच वर्षांची मुले लिहीत होती, असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. ते खरे आहे, पण अर्धेच. मारिया माँटेसरी यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्पष्ट नोंदवले आहे की, लेखन-वाचन सहा वर्षांच्या आत सुरू करू नये असेच त्यांचेही आधीचे मत होते आणि मुलांच्या आयांनी आग्रह धरल्यावर त्या या कामाकडे वळल्या. त्यांनी मुलांना वही दिली नाही. खरकागदाची अक्षरे कापून ती पुठ्ठ्यावर चिकटवली आणि मुले त्यांवरून बोट फिरवत त्या अक्षराचा ध्वनी उच्चारू लागली. धातूच्या साच्यांभोवती रेषा काढून आतला भाग पेन्सिलीने भरताना बोटांना आपोआप वळण लागले. पुढे डिसेंबरमधल्या एका दिवशी गच्चीवर खडूने धुराडे काढणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाने त्यापाठोपाठ ‘हात’ हा शब्द लिहिला, तोही कोणी लिहायला न सांगता. हाताची आणि कानाची तयारी पूर्ण झाल्यावर उमटलेले हे लेखन कुठे आणि रडणाऱ्या मुलाचे बोट धरून एकच अक्षर पानभर गिरवून घेणे कुठे! दोहोंना एकाच नावाने मिरवणे ही पालकांची सरळ दिशाभूल आहे.

ही सक्ती भारतीय बालशिक्षणाच्या परंपरेतही बसत नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, आणि वस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या; हीच अंगणवाडी. तिथे आधी मुलांच्या अंघोळी होत, नखे कापली जात, मग गाणी, गोष्टी आणि शंख-शिंपले, खडे, पाने, बिया यांची मांडामांड चाले. महागड्या साधनांच्या जागी आलेल्या या वस्तूंमधूनच मुले वर्गीकरण, क्रम आणि संख्या शिकत. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली.

हा इतिहास ठाऊक असला की, इतर काही समज फार वेळ टिकत नाहीत. अंगणवाडी ही सरकारी कल्पना असून ती १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून जन्मली, हे चूक. बोर्डीचा प्रयोग त्याच्या तीस वर्षे आधीचा आहे. माँटेसरी पद्धत श्रीमंतांसाठी निघाली, हेही चूक. पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडले. लहान मुलांना सांभाळायला प्रशिक्षण कशाला, हा प्रश्न तर फ्रोबेल यांच्या काळातच निकाली निघाला होता, कारण शिक्षिकांचे प्रशिक्षण हा त्यांच्या कार्याचा अविभाज्य भाग होता. आणि प्रवेशासाठी तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत घेणे हे दर्जेदार शाळेचे लक्षण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी यशपाल समितीचा १९९३ चा अहवाल उघडून पाहावा; नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात, अशी शिफारस त्यात आहे.