टाळेबंदीतील आहार आणि शाळेची खिचडी

टाळेबंदीच्या काळात माणसांचा आहार कसा बदलला, ह्याची चर्चा बहुधा शहराच्या अंगाने झाली. घरी बसलेल्या मंडळींनी केक, जिलबी, पाणीपुरी असे पदार्थ स्वतः करून पाहिले आणि टाळेबंदीने लोकांना स्वयंपाक शिकविला, असा समज रूढ झाला. तो खोटा नव्हे. तथापि खेड्यातील मुलांच्या ताटात त्या काळात जे घडले ते निराळे होते, आणि प्राथमिक शिक्षकाचा संबंध येतो तो ह्या दुसऱ्या गोष्टीशी.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. प्रथम ती २१ दिवसांची होती. पुढे ती वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली. महाराष्ट्रातील शाळा त्याआधीच, मार्चच्या मध्यास, बंद झाल्या होत्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास अनुमती मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे पहिलीत असताना घरी गेलेले मूल वर्गात परतले ते तिसरीत. मधल्या काळात त्याचे अक्षर किती बिघडले ह्याचा शोध पुष्कळांनी घेतला. त्याच्या जेवणाचा शोध तितकासा कोणी घेतला नाही.

खेड्यांतून धान्याचा दुष्काळ सहसा पडला नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. रब्बीची ज्वारी नुकतीच घरात आली होती. शिवाय प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेखाली शिधापत्रिकेवरील प्रत्येक माणसामागे दरमहा ५ किलो धान्य विनामूल्य मिळू लागले. आरंभीच्या महिन्यांत आपल्या राज्यात हे धान्य म्हणजे तांदूळ होता. परिणामी जेथे पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाल्ली जाते अशा भागांतही, ज्यांच्या घरी स्वतःचे पीक नव्हते त्यांच्या चुलीवर दोन्ही वेळा भात शिजू लागला. पोट भरले, पण ज्वारी-बाजरीत तांदळाहून अधिक असणारे लोह व तंतू ताटातून उणे झाले. पोट भरणे आणि पोषण होणे ह्यांतील अंतर समजावून देण्यास ह्याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

खरी ओढाताण झाली ती धान्याबरोबर खावयाच्या पदार्थांची. आठवडे बाजार बंद पडले. एका गावच्या मळ्यात वांगी कुजत होती आणि शेजारच्या गावी महिनाभर भाजी दिसत नव्हती, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली. द्राक्षे बाजारात जाईनात म्हणून नाशिककडील पुष्कळ बागाईतदारांनी त्यांचा बेदाणा केला. उपाहारगृहे बंद झाल्याने दुधाचा उठाव घटला व अतिरिक्त दूध विकत घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना राज्य शासनाला एप्रिलमध्ये हाती घ्यावी लागली. कोंबडीमुळे रोग पसरतो ही निराधार कंडी तर फेब्रुवारीतच उठली होती. त्यामुळे अंडी स्वस्त झाली असताना नेमक्या त्याच वेळी भल्याभल्यांनी ती वर्ज्य केली. अफवेने पोषणाची केवढी हानी होते, हे त्यावरून कळावे.

भाजी मिळेना, पण किराणा दुकान मात्र उघडे होते. नासत नाही व शिजवावे लागत नाही, असा पुड्यातील माल घरोघरी जाऊ लागला. पार्ले-जी बिस्किटांची त्या महिन्यांतील विक्री कित्येक दशकांत झाली नव्हती इतकी झाल्याचे त्या कंपनीनेच सांगितले. चहा-बिस्किटे ही अनेक मुलांची न्याहारी झाली. त्यातच शाळेची घंटा नाहीशी झाली होती. घंटा केवळ तासांची वाटणी करीत नाही, ती भुकेलाही वेळ लावून देते. ती बंद पडताच उशिरा उठणे, अकराला काहीतरी चघळणे, दुपारी अर्धवट जेवणे व रात्री उशिरापर्यंत भ्रमणध्वनीसमोर बसून खाणे असा क्रम कित्येक घरी पडला. काही मुलांची ही सवय टाळेबंदीबरोबर संपली नाही.

आता शाळेच्या खिचडीविषयी. शाळा बंद झाल्यावर शिल्लक तांदूळ व कडधान्य पालकांना वाटण्यात आले आणि पुढेही कोरडा शिधा देण्याची व्यवस्था झाली. ती आवश्यकच होती व शिक्षकांनी ती जोखीम पत्करून पार पाडली. परंतु शिजविलेले अन्न व कोरडा शिधा ह्यांत एक मूलभूत भेद आहे. प्राथमिक वर्गातील मुलासाठी दररोज १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ असे प्रमाण ठरलेले होते. महिन्याचे २५ दिवस धरले तर अडीच किलो तांदूळ व अर्धा किलो डाळ होते. सहा माणसांच्या कुटुंबात दररोज सव्वा किलो धान्य लागते असे मानल्यास मुलाचा महिन्याचा तांदूळ दोन दिवसांत संपतो. शाळेतील ताट मुलाच्या नावाचे असते. घरी नेलेली पिशवी साऱ्या घराची होते, आणि तसे होणे स्वाभाविकच आहे. घरच्या वाढण्याला मग घरचीच रीत लागते: कामावरचा पुरुष आधी, आई व मोठी मुलगी शेवटी. शाळेच्या पंगतीत मात्र मुलीला मुलाइतकेच वाढले जाते. टाळेबंदीत तिने गमावले ते हे.

ह्या काळात ज्या घरांचा निभाव बरा लागला, तेथे बहुधा एखादी वडीलधारी बाई होती असे दिसते. चैत्र-वैशाख हे वाळवणाचेच दिवस. सांडगे, कुरडया, वाळविलेली मेथी व गवार ह्यांनी भाजीची उणीव थोडी भरून काढली. मृगाचा पाऊस पडल्यावर टाकळा, कुरडू, घोळ, तांदुळजा ह्या रानभाज्या निघाल्या. शेवग्याचा पाला तर दारीच होता. गरिबाचे खाणे म्हणून ज्यांना नवी पिढी नाके मुरडीत होती, त्या भाज्यांना काही दिवस पुन्हा मान आला. हे ज्ञान पाठ्यपुस्तकात शोधू नये. परिसर अभ्यासाच्या तासाला अशा एखाद्या आजीबाईंना शाळेत बोलावून मुलांकडून भाज्यांची ओळख करून घेणे कोणत्याही शाळेला विनाखर्च साधेल.

मुलांच्या घरच्या जेवणाची माहिती शिक्षकांना हवी असते. पण ‘काल काय जेवलास?’ हा प्रश्न भरवर्गात विचारू नये. ज्याच्या घरी काही नव्हते ते मूल खोटे उत्तर देते, आणि पुढच्या वेळी शिक्षकाची नजर टाळते. त्यापेक्षा पंगतीत उभे राहून पाहावे. कोण पुन्हा मागते, कोण डाळ बाजूला सारते, कोण धाकट्या भावंडासाठी डब्यात ठेवते, हे चार दिवसांत कळते. विशेषतः सोमवारकडे लक्ष असावे. इतर दिवशी एकदाच घेणारे मूल सोमवारी दोनदा-तीनदा ताट पुढे करीत असेल, तर त्याच्या घरी शनिवारची रात्र आणि रविवार कसा गेला हे निराळे विचारावे लागत नाही.